गिरडच्या वाटेवरचा पहिला मुक्काम: आमचंच अंगण

मोटरसायकलच्या चेनला शेवटचं तेल कधी दिलं, आठवतं का? राहू द्या, काल काय जेवलात तेही आठवत नसेल. माझा लेक विलास तुमच्याच पंथातला.

धाकटी बहीण शांती दुसऱ्या दिवशी गिरड कायमचं सोडून मुलाकडे पुण्याला निघणार होती. त्याआधी तिला भेटायचंच होतं. यष्टी गिरडला जाते, पण तिचं घर स्टँडपासून पार शेतात, आणि माझे गुडघे अंगणापुरतेच. म्हणून मोटरसायकल. ती हिंगणघाटातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच कटकट करत थांबली. चेन निसटली होती.

बाजाराचा दिवस. मेकॅनिक म्हणाला, संध्याकाळी बघू. विलासनं नवी चेन आणि ती फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं विकत आणली, अंगणात पोतं अंथरलं आणि बसला. जुन्या चक्राचे दात झिजून वाकलेले, थेट माझ्यासारखे.

"फरक इतलाच," सून म्हणाली, "याले नवीन भेटले."

विलासनं चेन चढवली, ताणून घट्ट केली. मी मागे बसले, तो पुढे बसला, तशी गाडी खाली दबली आणि चेन तारेसारखी ताठ!

"आई, तू उतर. ढिली करून पाह्यतो."

"मी उतरल्यावर काय पाह्यतं? गिरडले गाडीच पाठवतं का एकटी?"

मग मला मागे, सुनेला पुढे बसवून तो खालून चेन बोटानं हलवत नट फिरवू लागला. मांडीवर शांतीसाठीची पिशवी घेऊन मी बसून. शेजारीण डोकावली.

"काकू, कुठं निंगाल्या?"

"गिरडले."

"मंग जाऊन काऊन नाई राह्यल्या?"

"जाऊन आली बाई. वापस येऊन बसली."

घरी चेन बदलणार असाल, तर मागे बसणारं माणूस आधी बसवा.

दुपारी निघालो. वाटेत जामच्या फाट्यावर तर्री-पोहे खा, पण ती झणझणीत तर्री जपून. समुद्रपूरच्या पुढे दोन्हीकडे कापूस, आणि माझे कान चेनीकडे. शेतातल्या खड्ड्यांतही ती हूं की चूं बोलली नाही.

शांती ओसरीवर भांडी बांधत होती.

"इतला उशीर काऊन?"

"तुया भाच्यानं अंगणातून निंगायलेच अर्धा दिवस लावला."

विलासनं मला धरून उतरवलं, त्याच्या हाताचं काळं माझ्या बाहीला लागलं. शांती ते पदरानं पुसू लागली. निघालं काहीच नाही, तिचा पदरही काळा झाला. पुसता पुसता ती हसली, मग रडली, मग मलाच म्हणाली, "रडून काऊन राह्यली तू?"

घरी येऊन चोळी तीनदा धुतली. डाग तसाच आहे. सून फेकायला निघाली होती. मी दिली नाही.

आणि शांते, तुयी सून हे वाचून दाखवन तवा नीट ऐक. पुण्याची बाकरवडी पाठवू नको. तुया हातची जवसाची चटणी पाठवजो, डबा भरून. तिकडच्यासारखी साखर टाकली तं डबा वापस येईन.