अर्धलीच्या शेळीची कापलेली गोष्ट

त्या माणसाचा नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही. कधीतरी परत शिव्या द्याव्याशा वाटल्या तर हाताशी असावा, एवढंच कारण.

बेंबळीला रस्त्यालगत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्यांत बाया जास्त, कारण आमच्याकडं शेळ्या बायांच्याच असतात. बैल, ट्रॅक्टर, ऊस हे सगळं पुरुषांचं. शेळी मात्र बाईची, तिच्या हातखर्चाची आणि तिच्या अडीनडीची. बाई जंताचं औषध घ्यायला येते, बाकड्यावर टेकते आणि बोलायला लागते. कुणाची शेळी करडाला पाजत नाही, कुणाची गाभण राहत नाही. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, हिनं जे आज सांगितलं ते परवा आलेल्या बाईला कळलं असतं तर तिचं करडू वाचलं असतं. म्हणून मी फोन काउंटरवर ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला लागले. लोक त्याला पॉडकास्ट म्हणतात हे मला नंतर कळलं. आमच्या बाया त्याला दुकानाचा रेडिओ म्हणायच्या.

एक शिस्त मी पहिल्यापासून पाळली. जी बाई बोलली, तिला आधी सगळं ऐकवायचं. ती 'असू द्या' म्हणाली तरच पुढं पाठवायचं, 'एवढं काढा' म्हणाली तर तेवढं काढायचं. एकीनं नवऱ्याबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन परत घालायला लावलं. मी घातलं.

ऐकणारे कसे वाढले म्हणाल, तर चालत चालत वाढले. यात सगळ्यात मोठा हात होता अक्कांचा. अक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, शेत नसलेल्या, दुसऱ्यांच्या शेळ्या अर्धलीनं राखणाऱ्या. अर्धल म्हणजे शेळी मालकिणीची, राखण आणि चारणं अक्कांचं, आणि जी करडं होतील ती दोघींत निम्मी निम्मी. यात कागद नसतो. शेळी मेली तर राखणारीनं मेली म्हणायचं आणि मालकिणीनं मानायचं. सगळा व्यवहार तोंडच्या शब्दावर. अक्कांचं घर त्या शब्दावर चाललेलं होतं. माळावर शेळ्या चरायला सोडल्या की अक्का फोन दगडावर ठेवून मोठ्या आवाजात माझं रेकॉर्डिंग लावायच्या. बाजूच्या शिवारातल्या बाया गोळा व्हायच्या. त्यातली एक ईट गावाला दिलेल्या लेकीला पाठवायची, ती लेक शेजारणीला. ढोकीकडं ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या बायांचेही फोन यायला लागले, त्यांच्याही पालांपाशी शेळ्या होत्याच. फोन करणारी प्रत्येक बाई काहीतरी विचारायची किंवा काहीतरी सांगायची. मला तर यापेक्षा जास्त काही हवं असतं हेच माहीत नव्हतं.

मग आत्यांचा भाग झाला. आत्या म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्याच आत्या, गुडघे गेल्यामुळं आपल्या शेळ्या अक्कांकडं अर्धलीनं दिलेल्या. त्यांनी गेल्या वर्षीचं सांगितलं, ते असं होतं.

"अक्का दारात आली आन म्हणली, आत्या, तुमची काळी शेळी मेली. माझ्या मनात पाप आलं. म्हणलं, हिनं इकली आसल बाजारात, आन मला मेली म्हणून सांगती. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. सकाळी काठी टेकत गेले, तर ही त्या शेळीपाशीच बसलेली. घास पोटात न्हाय हिच्या. मला माझीच लई लाज वाटली. आन मेली कशानं, तर ज्वारी काढलेल्या रानात जो कवळा फुटवा येतो ना, तो खाल्ला होता. बायांनो, त्या रानात शेळी सोडू नका."

हे ऐकवलं तेव्हा दोघीही दुकानात होत्या. मी अक्कांना विचारलं, राहू देऊ का हे? अक्का हसल्या.

"असू द्या की ताई. मनात येतंच माणसाच्या. ते आल्यावर ह्या बगायला आल्या का न्हाय? मग झालं."

ज्वारीची काढणी तोंडावर होती. फुटव्यानं दरवर्षी शेळ्या मरतात, म्हणून हा भाग लवकर लांबवर जावा असं मला वाटत होतं. तेवढ्यात धाराशिवला एका कार्यशाळेत, ज्याचा नंबर मी अजून ठेवलाय तो हा माणूस भेटला. श्रोते वाढवून देतो म्हणाला. तिथं त्यानं जे काही शिकवलं ते ऐकतानाच माझं डोकं सणकलं होतं. म्हणे ऐकणारे विकतही मिळतात. मी उभी राहून विचारलं, विकत घेतलेला ऐकणारा शेळीला काय चारणार? लोक हसले, तोही हसला. नंतर चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, तुमचं काम खरं आहे, मी एक महिना फुकट करून देतो. मी दोन अटी घातल्या. ऐकणारे विकत घ्यायचे नाहीत आणि खोटं काही लिहायचं नाही. "अगदी, मॅडम," म्हणाला. म्हणून मी त्याच्या हाती रेडिओचं ऑनलाइन खातं दिलं.

त्यानं ऐकणारे विकत घेतले नाहीत. तेवढी अट पाळली, त्याचं श्रेय त्याला देते.

त्यानं आत्यांच्या बोलण्याचा एक छोटा तुकडा कापला. अक्का दारात आली, शेळी मेली म्हणली, हिनं इकली आसल बाजारात, आन मला मेली म्हणून सांगती. संपलं. पुढची सकाळ नाही, शेळीपाशी बसलेली अक्का नाही, लाज नाही, ज्वारीचा फुटवा नाही. वर लाल अक्षरांत लिहिलं, शेळी मेली की विकली? राखणारीनं मालकिणीला कसं फसवलं? आणि शेजारी कुठल्यातरी भलत्याच रडणाऱ्या बाईचा फोटो.

मला हे कळलं ते दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. तो फोन पुढं करून म्हणाला, "ताई, तुमचं लई गाजतंय की."

मी तिथल्या तिथं त्या माणसाला फोन लावला. माझा आवाज चढला होता, त्याचा नव्हता. तो समजावणीच्या सुरात बोलत राहिला.

"मॅडम, यात एक तरी शब्द खोटा आहे का? सगळं त्यांच्याच तोंडचं आहे."

"आणि पुढचं कुठं गेलं?"

"पुढचं ऐकायला लोक मूळ भागावर येतील ना. त्याचसाठी तर हे असतं. उत्सुकता नको का?"

"लोक त्या बाईला चोर म्हणताहेत."

"म्हणजे ऐकताहेत. आता काढू नका, सगळं चढत चाललंय."

मी तो तुकडा काढला, खात्याचा पासवर्ड बदलला. पण तोवर तो गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत पोचला होता, आणि तिथून तो काढायचं बटण माझ्याकडं नव्हतं. संध्याकाळी त्याचाच मेसेज आला, आकडे दाखवणारा, खाली अभिनंदन. त्या अभिनंदनाचा राग मला अजून येतो. त्यानं चूक केली म्हणून नाही. त्याला ती चूक वाटलीच नाही, हे माझ्या जिव्हारी लागलं.

आणि हे नवीन ऐकणारे तरी कसले! मूळ भागावर त्यातलं क्वचितच कुणी आलं. जे आले ते लिहीत होते, पुढचा भाग कधी, तिला धरलं का, तिचं नाव सांगा. जंत, लसी, गाभण शेळीचा चारा, यातलं काही कुणाला नको होतं. त्यांना एक चोर बाई हवी होती, आणि ती माझ्या नावावर त्यांना मिळाली होती.

अक्कांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. तशी आमच्याकडं रीतच नाही. एक बाई आली आणि म्हणाली, पोरगी घरीच असते आता, तीच चारंल शेळी. दुसरी म्हणाली, पाहुण्यांना द्यायची आहे. तिसरीनं नवऱ्यावर ढकललं. ज्यांची शेळी वर्षानुवर्षं अक्कांच्या दावणीला होती त्यांना अचानक आपापल्या शेळीचा लळा आला. अक्का काही न विचारता शेळी सोडून देत होत्या. शेळी मालकिणीची, दावं अक्कांचं. ती रिकामी दावी अक्का कुडाच्या खुंटीला अडकवत गेल्या. मी गेले तेव्हा ती दिसतील अशीच होती. मी बोलायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "तुमी न्हाय केलं ते, ठाव हाय मला." एवढं बोलून घरात गेल्या. चहा विचारला नाही. अक्कांच्या दारातून मी चहाशिवाय कधी आले नव्हते.

आत्यांचा संताप मात्र उघड होता. "माझं तोंड, आन माझ्याच माणसावर भुंकायला लावलं त्यानं," असं त्या येईल त्याला सांगत होत्या. बाजाराच्या दिवशी त्या गुडघे धरत माझ्या दुकानात येऊन बसल्या. मी स्पीकर दारात ठेवला आणि पूर्ण भाग लावला, संपला की परत लावला. बाजारातला माणूस थांबायचा, आत्या काठीनं स्पीकरकडं दाखवून म्हणायच्या, "सगळं ऐक. मंग जा." बरेच थांबले. ऐकून मान हलवली. एक जण म्हणाला, "आमी कुठं खरं मानलं होतं?" त्याच्याच घरची शेळी आठवड्यापूर्वी अक्कांकडून परत गेली होती. मी तसं त्याला तोंडावर म्हटलं. तो पिशवी उचलून निघून गेला, आणि त्याची शेळी परत आली नाही.

दोन घरच्या शेळ्या तेवढ्या अक्कांकडं परत आल्या. बाकीच्यांनी सांगितलेली कारणं आता त्यांनाच खरी करून दाखवावी लागत होती.

काढणी उरकल्यावर ईटहून एका बाईचा फोन आला. तिची शेळी रानातून आली ती तोंडाला फेस आणि पाय ताठ. मी विचारलं, ज्वारीच्या रानात सोडली होती का? हो म्हणाली. तोवर शेळी गेलेली होती. मी चिडून म्हटलं, अहो, याच्यावर आत्यांनी एवढं सांगितलंय, तुमच्याकडं पोचलं नाही का?

"पोचलं की," ती म्हणाली. "बगितलं म्या. शेळी चोरल्याचं हाय त्यात. फुटव्याचं कुठं हाय?"

मी तिला तो भाग पुन्हा पाठवला, अख्खा. आता त्याचा तिला काय उपयोग होता?

आताही रेडिओ चालू आहे. जुन्या शिस्तीनं चालतो, म्हणजे सावकाश. भागाचं नाव आतल्या गोष्टीचंच असतं. तुकडा पाठवायचाच झाला तर ज्यात शेळी वाचते तो पाठवते, आणि तोही बोलणारीला ऐकवून. माळावर मात्र आता दगडावर फोन नसतो. अक्का ऐकत नाहीत, लावतही नाहीत. तिथल्या बायांनी मला सांगितलं की कुणी लावलाच तर त्या शेळ्या घेऊन जरा पुढं जातात.

गेल्या महिन्यात अक्कांनी मला बोलावणं धाडलं. आत्यांची उरलेली शेळी व्यायली होती, करडं आता दूध सोडण्याजोगी झाली होती, आणि वाटणी होती. पूर्वी ही वाटणी कशी व्हायची ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. अक्का दोन्ही करडं आत्यांच्या दारात आणायच्या, आत्या आतूनच म्हणायच्या, तुला आवडंल ते ठेव, आणि अक्का त्यातलं चांगलं आत्यांच्या उंबऱ्याशी बांधून जायच्या. यावरून दोघींची लटकी भांडणं व्हायची. त्यात तिसरं माणूस कधी नव्हतं.

मी गेले तर अंगणात सतरंजी टाकलेली. गल्लीतली दोन वयस्कर माणसं बोलावून बसवलेली. आत्या एका कडेला, काठी आडवी मांडीवर. दोन्ही करडं मधे बांधलेली, काळी, लांब कानांची. अक्का पदर खोचून उभ्या होत्या.

"हे कशाला गं?" आत्या म्हणाल्या. "माझा शबुद पुरं न्हाय व्हय तुला?"

"तुमचा हाय वो पुरं," अक्का म्हणाल्या. "माझाच पुरत न्हाय आता."

मग त्या माझ्याकडं वळल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातातल्या फोनकडं त्यांनी बघितलं.

"ताई, चालू करा. कोन कुठलं करडू न्हेतंय ते सगळं येऊ द्या त्यात. आन कापू नका."

मी फोन चालू केला. आत्यांनी तोंड फिरवलं आणि कुठल्याच करडाकडं न बघता, हाती येईल ते दावं घ्यायला हात पुढं केला.