आधी उघडलं, मग विचारलं

आमच्या ऑफिसात किस्से धानाच्या बांधीतल्या गवतासारखे उगवतात. पेरत कोणी नाही, पण उपटावं तेवढं कमीच! चंद्रपुरात दोन खोल्या, चार माणसं आणि एक कूलर. पेनड्राइव्ह नवेनवे आले होते तेव्हाची गोष्ट. इंजिनियर संदीप प्रोग्राम लिहायचा आणि मी, बारावी पास, तो वापरून चुका शोधायची.

काम होतं सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांच्या याद्यांचं. मूल, सावली, गोंडपिपरी या तालुक्यांच्या केंद्रांत मुलाचं नाव, रक्तगट, औषध भरायचं. प्रोग्राम त्या सगळ्याचं एका फाइलीत गाठोडं बांधायचा आणि पेनड्राइव्हवर ते आमच्याकडे आलं की सोडायचा. यादी बिघडली, तर भलत्याच लेकराला भलतंच रक्त! त्यामुळे मला एकच काळजी. गाठोड्यात कोणी दुसरंच काही बांधून पाठवलं तर?

* * *

संदीपला विचारलं, "हे गाठोडं सोडते कोण?"

"लायब्ररी, ताई. म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड. गाठोड्यात जे करायले सांगितलं असते, ते थे करते."

"कोणीही सांगितलं तरी?"

"साऱ्या जगात चालते ना हो!"

"सर्दी पण साऱ्या जगात चालते, भाऊ!"

* * *

सावली केंद्राच्या सुमनबाई फार शिस्तीच्या. एकदा त्यांचा पेनड्राइव्ह आला, तर त्यात यादी आणि सोबत लग्नाची बावीस गाणी! मी फोन केला.

"आमचा ड्राइव्ह बिघडला ना बाई. सायबर कॅफेवाल्याचा मागून आणला."

"अन् यादीले पासवर्ड?"

"लावला ना! तुमाले शोधा लागू नये म्हणून वरतंच चिकटवला!"

* * *

संदीप एकदा माझ्या माहेरी आला होता, मूलजवळच्या गावी. माझा भाऊ तलावावर जाळं ओढत होता. मासे चमकताना पाहून संदीपनं सरळ हात घातला. एका मासोळीनं असा काटा मारला की बिचारा चिखलातच बसला!

भाऊ म्हणाला, "काय हो साहेब, जाळं झटकल्याबिगर हात काऊन घातला?"

"वरून तं चांगलेच दिसून राह्यले होते!"

आठवडाभर त्यानं डाव्या हातानं टाइप केलं.

* * *

त्याच डाव्या हातानं त्यानं माझ्या समाधानासाठी एक खोटं गाठोडं बांधलं. त्यात यादी नव्हतीच, फक्त सीडीचा ट्रे उघडायचा हुकूम होता.

"पाहा ताई, आपला प्रोग्राम कसा पकडते ते."

स्क्रीनवर आलं, 'ही यादी नाही.' पण त्याच्या आधीच ट्रे बाहेर!

"असं कसं झालं?" संदीप म्हणाला. "तपासणी तर हाये."

"हाये ना. पाहुण्याले जेवू घातलं, पान देल्लं, अन् मग विचारलं, तुम्ही कोण?"

त्यानं ट्रे आत ढकलला आणि म्हणाला, "तपासणी आधी आणा लागते, ताई."

* * *

पण आमचे सर ऐकेनात. "सोमवारी गडचिरोलीला प्रोग्राम चालू होणार. आता बदल नाही!"

शुक्रवारी तिथले डॉक्टर शेवटची चाचणी पाहायला आले. लॅपटॉपमधली मुलांच्या यादीची नक्कल प्रोजेक्टरनं भिंतीवर. मी उभी राहिले. "सर, फक्त एक फाइल उघडा. संदीपनं बांधली, पण सांगितली मी."

"बाई, तुमच्या एका फाइलीनं काय होणार?" म्हणत सरांनी ती उघडली.

'ही यादी नाही.'

सर खुशीत डॉक्टरांकडे वळले. भिंतीकडे त्यांची पाठ. "पाहा! पकडली की नाही?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत नीट वाचली.

"पकडली, सर. पण एकशेचाळीस लेकरांच्या जागी आता तुमचंच नाव दिसून राह्यलं, अन् रक्तगट दर वेळी येगळा. सोमवारी यातल्या कोणत्या तुम्हाले रक्त लावू?"