कप्तानासाठी रडायचा फोन

ते गेल्यावर एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्यातली दीड ओळ चुकीची होती. मालिकेत त्यांनी यानावरच्या डॉक्टरचं काम केलं, असं छापलं होतं. ते कप्तान होते. फोन करून संपादकांना झापावं म्हणून मी नंबरही शोधला. मग वाटलं, आपण कुठल्या तोंडाने बोलणार? ते गेले त्या दिवशी मी जे वागले, त्यापुढे ही चूक म्हणजे काहीच नाही.

माझ्या लहानपणी टीव्हीवर वाहिनी एकच आणि आमच्या आळीत टीव्हीही एकच. रविवारी सकाळी अंतराळयानाची मालिका लागायची. शेजारच्यांकडे आम्ही पाय धुऊन, पुसून जमिनीवर बसायचो. एका भागात यानातला प्राणवायू संपत येतो, सगळे आरडाओरडा करतात आणि कप्तान शांतपणे पेन्सिल घेऊन कागदावर गणित मांडायला बसतो. आमच्या घरी नळ जरी बिघडला तरी आधी आवाज चढायचे, त्यामुळे संकटात गणित करणारा माणूस मला फारच आवडला. पुढे मी पदार्थविज्ञान घेतलं, कामोठ्यात अकरावी-बारावीचे क्लास काढले. या सगळ्याचं खापर मी त्यांच्यावरच फोडत आले.

पाच-सहा वर्षांपूर्वी पनवेलच्या मासळी बाजारात माझ्या मागून कोणीतरी कोळंबीचा भाव विचारला आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्या आवाजात यान वळवायचा हुकूम सुटायचा, त्याच आवाजात "सोलून देणार का?" अशी चौकशी चालली होती. मी वळले. टक्कल पडलेलं, हातात कापडी पिशवी. मी बावळटासारखी "कप्तान?" म्हणाले. ते म्हणाले, "निवृत्त."

नेऱ्याला त्यांच्या बायकोचं छोटं घर आणि थोडी जागा होती, तिथे दोघं राहायला आली होती. काकू उरणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या. मूलबाळ नव्हतं. मी महिन्यातून एका रविवारी जायला लागले. मी शिकवते म्हणून ते मला बाई म्हणायचे, काकू बाय म्हणायच्या. एकदा मी त्यांना त्या गणिताचं सांगितलं, तर ते चहा सांडेपर्यंत हसले. "अहो बाई, मी बाराखडी लिहीत होतो. कागद कॅमेऱ्यात दिसणारच नव्हता." दोन दिवस मी रागावलेली होते. मग मुलांना तेही सांगायला लागले.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, एका मंगळवारी मी वर्गात शिकवत असताना काकूंचा फोन आला. "बाय, हे गेले गो," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. चाळीस मुलांसमोर मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. एका मुलीने पाणी आणून दिलं. क्लास सोडला, खाली येऊन रिक्षा थांबवली, तेवढ्यात पुन्हा काकूंचा फोन. "घाबरू नको. हे हायत. चा पितायत."

झालं होतं असं, की सकाळी ते अंगणात पेपर वाचत असताना एका कावळ्याने त्यांच्या डोक्याला पाय मारला होता. आमच्याकडच्या जुन्या घरांत हे मरणाचं लक्षण धरतात आणि त्यावर तोडगाही ठरलेला आहे. लांब राहणाऱ्या एकाला तो माणूस गेल्याचं कळवायचं, त्याला खरोखर रडू द्यायचं आणि मग खरं सांगायचं. त्या रडण्यात मरण निघून जातं म्हणे. पूर्वी यासाठी पत्र धाडायचे, आता मोबाइल आहे.

थांबवलेली रिक्षा सोडली नाही. तशीच नेऱ्याला गेले आणि दोघांना फैलावर घेतलं. आयुष्यभर ज्या माणसाकडे बघून विज्ञान शिकवलं, त्याच्या घरातून कावळ्यासाठी फोन यावा? ते शाळकरी पोरासारखे खाली मान घालून म्हणाले, "मला नंतर कळलं, बाई." काकू भांडी विसळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जो खरा रडंल त्यालाच सांगायचं आसतं. माझ्या भावाला सांगितलं आसतं तर त्यानं आधी जागेचं विचारलं आसतं. तू रडशील ह्ये मला माईत होतं."

याहून मोठा मान मला आजवर कोणी दिलेला नाही. मला तेव्हा तो ऐकूच आला नाही. "असला फोन मला परत करायचा नाही," असं बजावून मी चहा न घेता निघून आले.

नंतर चार महिने गेले नाही. सांगायला कारणं होती: सहामाही, मग सराव परीक्षा, मग पालकसभा. त्यांनी दोनदा फोन केला. "राग गेला का, बाई?" मी म्हणाले, "गेला हो, परीक्षा आटोपू द्या." गेला नव्हता. खरं सांगायचं तर, आपण बरोबर आणि समोरचा चूक हे मला सुखाचं वाटत होतं आणि ते सुख मी पुरवून पुरवून खात होते.

फेब्रुवारीत एका सकाळी, अकराच्या सुमारास मी पेपर तपासत होते. काकूंचा फोन. "बाय, हे गेले गो." अगदी तेच शब्द, तोच आवाज. मी हसले. म्हणाले, "काकू, आज कुठला कावळा?" मग मी आणखी म्हणाले, आणि हेही लिहायलाच हवं, "या वेळी मी रडणार नाही. दुसरं कोणीतरी बघा." काकू "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी पुढचे पेपर घेतले. त्या दिवशी मुलांना गुण जरा सढळ हाताने दिले, कारण मी खुशीत होते. आपण फसलो नाही, याची खुशी.

संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर एका पालकाने कप्तानाचा जुना फोटो टाकला, खाली हात जोडलेले. तेव्हा मी काकूंना फोन लावला. त्यांच्या भाचीने उचलला. म्हणाली, त्यांनी देहदान केलं होतं, दुपारीच गाडी येऊन घेऊन गेली. दहावं-तेरावं काही करू नका, असंही लिहून ठेवलं होतं. म्हणजे माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं. चेहरा नाही, चिता नाही, नंतर जायला दिवससुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नेऱ्याला गेले. काकू दोरीवरचे त्यांचे कपडे काढत होत्या. मला माफी मागायलाही नीट जमलं नाही, नुसती रडत उभी राहिले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "तू तरी काय करशील? मीच तुला एकदा फसवलं." त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने हातातल्या सदऱ्याची घडी घालता घालता त्या आपण होऊन सांगू लागल्या. "गाडी दोनला आली. डायवर घाई करीत होता. मी म्हटलं, थांब बाबा, यांची बाई यायची हाय. चिडली आसंल, पण येईल. कामोठ्यावरनं यायला येळ लागतो."

"मग?" मी विचारलं.

"साडेतीनपर्यंत थांबला बिचारा."

साडेतीनला मी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा बांधून, पंखा लावून झोपले होते.