रेघांमागचा माणूस

ट्रकच्या तळावर तिला सगळे 'टेस्टर' म्हणत. अंबाड्यात विजेचा टेस्टर खोचून फिरायची, म्हणून. नऊ वर्षं ती उस्तादाच्या गॅरेजात वायरिंग करत होती. हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत सगळं तिच्या हातून व्हायचं; शेवटचा शब्द मात्र उस्तादाचा.

मागचं दाखवणारे कॅमेरे बसवायचं काम निघालं, तेव्हा पहिला कॅमेरा लागला तिच्या थोरल्या भावाच्या ट्रकला. दादा बावीस वर्षं तिथे ड्रायव्हर. उस्तादाने कॅमेऱ्याची अर्थिंगची वायर मागच्या दिव्याजवळ, रंगाने माखलेल्या बोल्टला आवळली.

टेस्टर म्हणाली, "उस्ताद, इथे तार लोखंडाला लागतच नाहीये, रंगाला लागतेय. इंजिन चालू झालं की चित्र बिघडेल. वायर पुढे केबिनपर्यंत नेऊ, स्क्रीनची अर्थिंग आहे तिथेच जोडू."

"बारा मीटर वायर ओढायची हौस तुला," उस्ताद म्हणाला. "चल, पुढची गाडी घे."

पंधरा दिवसांनी गोदामात ट्रक मागे घेताना वॉचमनचा पाय चाकाखाली आला. जीव वाचला, पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत दादा म्हणाला, "रिव्हर्स टाकला आणि स्क्रीनवर नुसत्या रेघा आल्या." उस्तादाने तिथल्या तिथे कॅमेरा चालू करून दाखवला. चित्र लख्ख. इंजिन त्याने बंदच ठेवलं होतं.

"रेघा स्क्रीनवर नाहीत, याच्या डोळ्यांत आहेत," तो म्हणाला. लोक हसले. टेस्टर बोलायला पुढे झाली, तर तळाच्या मॅनेजरने तिला अडवलं. "बहीण ती. भावाचीच री ओढणार."

दादाची नोकरी गेली, आणि तळावर त्याचं नाव पडलं 'मोतीबिंदू'. डोळे ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा कागद कोणी हातात धरेना. बावीस वर्षं पहाटे उठून निघणारा माणूस आता दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनी दोनदा चहा गरम करायची, दोनदा ओतून टाकायची.

टेस्टरने उस्तादाचं गॅरेज सोडलं आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान मांडलं. आदळआपट केली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. ती डूख धरून बसली.

दोन वर्षांनी मालकाने अकरा नवे ट्रक घेतले. कॅमेरे पुन्हा उस्तादानेच बसवले, आणि अकराच्या अकरा स्क्रीनवर रेघा. त्याने कॅमेरे बदलले, स्क्रीन बदलल्या. रेघा जागच्या हलेनात. शेवटी मालकाने टेस्टरला बोलावलं.

"करते," ती म्हणाली. "पण सकाळी दहाला, तळाच्या मधोमध. सगळे ड्रायव्हर, मॅनेजर आणि उस्ताद समोर पाहिजेत. दादाचा जुना ट्रकही तिथे आणून लावा. त्याचा कॅमेरा कोणी उघडला नाहीये ना?"

"त्याला कोण हात लावतंय? अपघातानंतर तो कोणी चालूच केला नाही."

दहा वाजता तिने नव्या ट्रकपासून सुरुवात केली. इंजिन बंद: चित्र स्वच्छ. इंजिन चालू: रेघाच रेघा. मग कॅमेरा आणि स्क्रीन तिने वेगळ्या बॅटरीवर घेतले. इंजिन चालूच होतं, तरी रेघा गेल्या. "म्हणजे कॅमेरा निर्दोष," ती म्हणाली. पुन्हा ट्रकची वीज जोडली आणि कॅमेऱ्याची अर्थिंग रंगीत बोल्टवरून काढून थेट केबिनपर्यंत आणली. चित्र स्थिर. ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले.

"आता जुना ट्रक. उस्ताद, मागे उभे राहा."

"मी कशाला?"

"चित्र बघायचं तर मागे माणूस नको?"

इतक्या लोकांत नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो मागे जाऊन उभा राहिला. टेस्टर स्टिअरिंगवर बसली. ट्रक चालवायला तिला दादानेच शिकवलं होतं. शेजारी तिने मॅनेजरला बसवलं. इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर पांढऱ्या रेघा धावू लागल्या.

"कोण दिसतंय?"

मॅनेजर काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांगा. खालच्यांना ऐकू जाऊ दे."

"कोणीच नाही," मॅनेजर म्हणाला. "कोणीच दिसत नाही."

तिचा पाय क्लचवर होता. दोन वर्षं ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो तिच्या टाचेखाली आला होता. ट्रक वीतभर मागे सरकला. मागून किंकाळी आली. तिने ब्रेक दाबला. ट्रक आपोआप सरकला की तिने सरकवला, हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

खाली उतरली तेव्हा उस्ताद जमिनीवर बसला होता. तिने हात दिला नाही.

"अर्थिंगचं मी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस."

"अजून मोठ्याने."

"सांगितलं होतंस!"

त्या दिवसापासून तळाचं काम टेस्टरकडे आलं आणि 'मोतीबिंदू' हे नाव उस्तादाकडे गेलं. ड्रायव्हर तोंडावर हाक मारायचे. ती ऐकायची आणि थांबवायची नाही. मॅनेजर घरी येऊन दादाची माफी मागून गेला, कामावर या म्हणाला. तो गेल्यावर दादा म्हणाला, "रेघा होत्या हे खरंच. पण रेघा दिसल्यावर मी उतरून बघायला हवं होतं गं. उस्तादाला मागे उभं करायला नको होतंस."

"तू नको शिकवूस मला," ती म्हणाली. भावाला असं ती पहिल्यांदाच बोलली. दादा आठवडाभराने कामावर गेला. प्रत्येक वेळी ट्रक मागे घेण्याआधी खाली उतरून फेरी मारतो.

उस्तादाकडे आता कोणी कॅमेरे देत नाही. परवा त्याची बायको टेस्टरच्या दुकानात आली. म्हणाली, "एकदा त्यांना दाखव ना नीट कसं जोडायचं ते. तुझ्याच हाताखाली काम करतील."

टेस्टरने तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. "त्यांना यायला सांगा," ती म्हणाली. "पण चालत, तळावरून, सगळ्यांच्या समोरून."

उस्ताद अजून आलेला नाही. ती रोज दहा वाजता दुकानाचा दरवाजा सताड उघडा ठेवते.