मानसीची नाइट शिफ्ट आणि दोन सबर्ब

"ताई, गॅरेज परत दाखवा ना. दोन गाड्या बसतील ना आरामात?" व्हिडिओ कॉलवर अमेय विचारत होता.

"बसतील रे," मी मोबाईल फिरवत म्हटलं.

साल २०२०. कोविडमुळे घर बघायला गर्दी करायला बंदी होती. अपॉइंटमेंट घेऊन मोजकीच माणसं आत. मी बायर्स एजंट. म्हणजे घर विकणाऱ्याच्या नाही, घेणाऱ्याच्या बाजूने घर शोधते आणि भाव ठरवते.

अमेय आयटीत, घरून काम करणारा. त्याची बायको मानसी वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयू नर्स. राहायला ब्लॅकटाउनला, भाड्याने. तिथून हॉस्पिटल गाडीने सव्वा तासावर. अमेयची आई पुण्याहून थोड्या दिवसांसाठी इकडे आली आणि देशाची बॉर्डर बंद झाल्यामुळे अडकली.

अमेयच्या मनात भरला होता ब्लॅकटाउनच्या पलीकडचा, हॉस्पिटलपासून आणखी लांबचा हा नवा सबर्ब, म्हणजे उपनगर. झपाट्याने वाढणारा. नवं स्टेशन, नवी शाळा, इंडियन ग्रोसरी हाकेच्या अंतरावर. मी वॉलॉंगॉंगचं, मानसीच्या हॉस्पिटलजवळचं एक जुनं, छोटं घरही सुचवलं होतं. "तिथे भाव एवढे वाढणार नाहीत," असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं होतं. त्याचा हिशोब चुकीचा नव्हता.

कॉल संपला. मानसी नाइट शिफ्ट संपवून थेट इथेच आली होती, पण दिसेना. शेवटी मास्टर बेडरूममध्ये सापडली. कार्पेटवर बसून, भिंतीला टेकून गाढ झोपली होती. पायात शूज तसेच.

मी हाक मारली तशी दचकून उठली.

"सॉरी ताई. छान आहे घर."

"मानसी, अशी गाडी चालवतेस तू?"

ती हळूच म्हणाली, "परवा हायवेवर डोळा लागला. शेजारच्या ट्रकने हॉर्न दिला म्हणून वाचले. अमेयला सांगू नका."

"अगं, मग वॉलॉंगॉंगच्या घराचा हट्ट का नाही धरलास?"

"आईंना इथे करमतं हो. पार्कात दोन मराठी मैत्रिणी मिळाल्यात. तिकडे त्या कुणाशी बोलतील?"

तेवढ्यात विकणाऱ्याच्या एजंटचा फोन. "मेट, दुसरा बायर तयार आहे. या आर्व्होला, आज दुपारीच, ऑफर देणार का?"

"उद्या सांगते."

"नो वरीज. पण मी थांबणार नाही."

फोन ठेवून मी मानसीला म्हटलं, "आज अमेयला तू सांग. तोवर मी ऑफर देणार नाही."

संध्याकाळी त्यांचा कॉल आला. तिघंही सोफ्यावर. मानसीने सांगून टाकलं होतं, हे अमेयच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"मला त्या नव्या स्टेशनच्या ट्रेनचं टाइमटेबल पाठ आहे, ताई," तो म्हणाला. "आणि हे माहीत नव्हतं." मग आईकडे वळला. "पण आई, तुझ्या मैत्रिणी?"

"त्यांच्याकडे फोन आहेत की," आई म्हणाल्या. "पोरगी धड घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी बोलले नाही, कारण तू इतक्या हौसेने घर बघत होतास."

मानसीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी उगाच कागद चाळत बसले.

वॉलॉंगॉंगचं घर मिळालं. गॅरेज एकाच गाडीचं. मानसी चालत कामावर जाते. आईंना सुरुवातीला जड गेलं, खोटं कशाला सांगू. गाव समुद्रकाठचं; वाऱ्याने वाळत घातलेले पापड उडतात म्हणून समुद्रावरच चिडायच्या. निर्बंध उठल्यावर मैत्रिणी ट्रेनने राहायला येऊ लागल्या, तेव्हा राग निवळला.

त्या नव्या सबर्बात भाव खरंच खूप वाढले. अमेय दर दिवाळीला फराळ देताना मला ते ऐकवतो.

मी फराळ खाते. आणि नव्या क्लायंटला आता बेडरूम किती हव्यात हे नंतर विचारते. आधी विचारते, घरात सगळ्यांत कमी झोप कुणाला मिळते?