मनगटावर न चढलेल्या पाटल्या

पोलीस ॲक्शन झाल्यावर काही वर्षांनी मी औरंगाबादच्या सराफ्यात स्वतःचं दुकान मांडलं. वडिलांची पेढी नव्हती, मामाचा वशिला नव्हता. दुसऱ्याच्या दुकानात फुंकणी फुंकून शिकलो आणि भावात कुणाचं ऐकलं नाही. माझं डोकं लवकर तापतं असं लोक म्हणत. ते का तापतं हे कुणी विचारत नसे. देवीचा मुकुट माझ्याकडून घडवून घ्यायचे, आणि उठताना माझी चटई झटकून बघायचे.

मग मीही कुणावर विश्वास टाकणं सोडून दिलं. एक नियम केला. जुना दागिना मोडायला आला की ज्या बाईचा तो असेल तिनं एकदा अंगावर घालायचा, सगळ्यांसमोर काढायचा आणि स्वतःच्या हातानं मुशीत टाकायचा. एकदा सोनं वितळलं की त्याला तोंडावळा उरत नाही. नंतर सोनारानं बदललं म्हणायला लोक मोकळे.

सोयगावकडच्या एका जमीनदारानं मुलीच्या लग्नासाठी ठुशी घडवायला मला घरी बोलावलं. सोनं शहरात न्यायला ते तयार नव्हते. घडणावळीवरून घासाघीस झाली, मी एक पैसा सोडला नाही, तेव्हापासूनच ते माझ्यावर खार खाऊन होते. अंगणात शेगडी पेटवली तोच म्हणाले, "सोनारा, सदरा काढून ठेव."

"काढतो. थंडी वाजली तर तुमची शाल द्या," मी म्हणालो.

त्यांनी फडक्यातून मोडायच्या दोन पाटल्या काढल्या आणि माझ्या परातीत ठेवल्या. रझाकारांच्या भीतीनं घरातल्या सगळ्या बायकांचं सोनं एकाच गाडग्यात घालून गोठ्यात पुरलं होतं, त्यातल्याच या. पाटल्या लहान होत्या. मालकीणबाई समोर पाटावर बसल्या होत्या, हात चांगले भरलेले. मला तिथंच संशय आला.

"वहिनी, एकदा घालून काढा, म्हंजे मी टाकायला मोकळा."

"कशापायी? माझ्याच हायेत की."

"व्हय ना, मग घाला."

पाटली बोटांच्या सांध्यावर अडली. त्यांनी साबण मागवला, जोर लावला, हात लालभडक झाला, तेव्हा पाटली परत परातीत टाकली.

"सूज आलीय हाताला," मालक म्हणाले.

"मग सूज उतरेस्तोवर बसतो. भाकरी तुमच्याकडंच."

"तुला ठुशी घडवायला बोलावलंय, पंचायत करायला नाय. टाक मुशीत."

"मी टाकत नसतो. उद्या बोभाटा झाला तर तुमचं नाव कुणी घेणार नाय, माझंच घेतील."

आमचा आवाज चढला तशी स्वयंपाकघरातून त्यांची धाकटी भावजय बाहेर आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दिवसभर चुलीपुढं. तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्याही नव्हत्या. माहेरचं म्हणावं असं तिचं जे काही होतं ते त्या गाडग्यात गेलं होतं, आणि तिचं काय निघालं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. या पाटल्या मोडल्या असत्या तर तिला कधी कळलंही नसतं.

तिनं काही न विचारता परातीतून पाटल्या उचलल्या आणि हातात सरकवल्या. साबण लागला नाही.

"भाऊजी, या माझ्या आईनं दिल्यात," ती म्हणाली.

मालक उभे राहिले. मालकीणबाई ओल्या हातावरचा साबण पदराला पुसत राहिल्या. मी शेगडीवर राख टाकली. आता ही बाई माझ्याकडं बघून दोन चांगले शब्द बोलेल असं वाटलं. ती माझ्याकडं वळली खरी.

"सोनारदादा, तुमच्या परातीत किती वेळ होत्या या?"

"तुमच्या दिरानं ठेवल्या तेव्हापासून."

"हात दाखवा बरं. आन् धोतराचा सोगा झटका."

मी झटकला. काय करणार? ज्या बाईपायी मी हातातलं काम घालवत होतो, तिच्यासमोर उघड्या अंगानं सोगा झटकत उभा होतो. तिनं खाली वाकून जमीन नीट बघितली, मग आत गेली.

सदरा घालून मी निघालो. मालकांनी गाडी जोडून दिली नाही, मोटार मिळेपर्यंत चालत गेलो. पुढं त्या भागात त्यांनी पसरवलं की मी पाटल्या बदलायला बघत होतो. ते बोलणारच, त्याचं मला नवल नाही.

राग आहे तो तिचा. तिनं अजिंठ्याच्या सोनाराकडं जाऊन पाटल्या कसोटीवर घासून घेतल्या. सोनं चोख निघालं. तो सोनार माझ्या ओळखीचा, त्यानंच मला सांगितलं. त्यानं तिला विचारलं, त्यानं काही बदललं नाही हे आता पटलं का? ती म्हणाली, "सोनं पटलं. सोनाराचं काय सांगावं, तुमी दोघं एकाच जातीचे."