पुलापर्यंतची वीस मिनिटं

आत्या हे काही तिचं नाव नव्हे. भाची लहान असताना एकदा दुकानात आली, ‘आत्या’ म्हणून हाक मारली, आणि तेव्हापासून ती अख्ख्या गल्लीचीच आत्या झाली. बावन्न वर्षांच्या या बाईला पंचावन्नचा मालकसुद्धा आत्याच म्हणायचा. नातं लावायला काय जातं? पगार वाढवायची वेळ आली की मात्र याला एकही नातं आठवायचं नाही.

दुकान कॉम्प्युटरचं. पुढे काच, काचेत लाल-निळे दिवे लुकलुकणारी मशिनं, आणि खुर्चीत मालक. मागे रिकाम्या खोक्यांच्या भिंतीआड एक लांब टेबल, त्याच्यावर वाकलेली आत्या. गिऱ्हाईक यायचं ते बजेट चहाचं आणि फर्माईश मेजवानीची घेऊन. सगळे नवे गेम पळाले पाहिजेत, पण पैसे विचारू नका! मालक म्हणायचा, “होऊन जाईल.” आणि ते करायचं कुणी? आत्याने. प्रोसेसर दोन वर्षं जुना घ्यायचा, पण पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करायची नाही. ग्राफिक कार्ड सेकंडहँड घ्यायचं, पण आधी त्याचे स्क्रू बघायचे, पंखा नखाने फिरवून बघायचा आणि नाकाशी धरून जळका वास येतो का ते हुंगायचं. गेल्या अठरा वर्षांत तिच्या हातचं मशीन परत आलेलं कुणाला आठवत नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, “मालकांचा हात लागला की मशीन पळतं बघा.” मालकही मान डोलवायचा. निर्लज्जपणाला काही सुमार!

मशीन जोडून झालं की ते तापवून बघायचं, हा दुकानाचा रिवाज. म्हणजे एक जड गेम लावायचा, वीस मिनिटं चालवायचा, आणि कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर डोळा ठेवायचा. आकडा स्थिर राहिला तर मशीन पास. गेली नऊ वर्षं या कामाला एकच गेम होता. एक घोडेस्वार झोपडीतून निघतो. विहिरीवर एक म्हातारा त्याला रस्ता सांगतो. मग जंगल, मग तीन लांडगे, मग उतार, आणि उताराच्या तळाशी नदीवर दगडी पूल. पलीकडे सगळं धुकं. पुलापाशी पोचेपर्यंत वीस मिनिटं भरायची आणि आत्या मशीन बंद करायची.

“वीस म्हणजे वीस हं, आत्या,” मालक पुढून ओरडायचा. “वीज फुकट येत नाही!”

पुढचं मशीन नवं कोरं, त्यामुळे घोडेस्वार पुन्हा झोपडीत. हजारो वेळा त्या बाईने तो उतार उतरला असेल. लांडगे कुठल्या झुडपातून येतात, म्हातारा कुठल्या शब्दाला खोकतो, सगळं पाठ. पुलावर मात्र एक पाऊल नाही.

मोबाइलवर सगळ्या गेमचे व्हिडिओ असतात, हे तिला कळत नव्हतं थोडंच! एकदा तिने लावलाही होता आणि पाच सेकंदांत बंद केला. दुसऱ्याने जेवायचं आणि आपण त्याचे ढेकर ऐकायचे? त्यापेक्षा उपाशी बरं. गिऱ्हाइकांना विचारायची तर सोय नव्हती. पोरं हसली असती, आणि हसण्याची तिला लहानपणापासून फार भीती. म्हणून तिने मनाशी ठरवलं की आपलं मशीन करायचं. आपली खुर्ची, आपलं बटण, आणि वीस मिनिटांचा हिशोब नाही. पूल ओलांडायचा. एवढंच हवं होतं हो तिला. बंगला मागितला नव्हता.

ती राहायची दादाकडे. पगार एक तारखेला वहिनीच्या हातात जायचा, आणि त्यातून जे परत मिळे त्याला बसभाडं म्हणत. आत्या चालत जाऊ लागली. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. त्या बसभाड्यातून सहा वर्षांत मशीन उभं राहिलं. कॅबिनेट चेपलेलं, कुणीतरी टाकून दिलेलं. तिने आतून लाकडी ठोकळा लावून ठोकून सरळ केलं. मदरबोर्ड एका गिऱ्हाइकाने अपग्रेड करताना सोडून दिलेला. प्रोसेसरच्या चार पिना वाकल्या होत्या, त्या तिने शिवणाच्या सुईने एकेक करून उभ्या केल्या. मेमरीच्या दोन पट्ट्या दोन कंपन्यांच्या. त्या सवतींसारख्या भांडायच्या. मग एकीचा वेग कमी केला तेव्हा कुठे नांदायला लागल्या.

मधल्या खोलीत तिच्या कॉटशेजारी हे सगळं वाढत होतं आणि वहिनीच्या डोळ्यात खुपत होतं. त्यातला घोडेस्वार बघून तर ती म्हणालीच, “घरचं झालं थोडं आणि नणंदेने आणलं घोडं!” दादा हसला. वर म्हणाला, “तुझ्या वयाच्या बायका...” आणि वाक्य तसंच सोडून पेपरात शिरला. त्याची ही जुनी सवय. अर्धं बोलायचं आणि उरलेलं दुसऱ्याला रात्रंदिवस टोचत ठेवायचं.

ग्राफिक कार्डाशिवाय गेम सुरू व्हायचा, पण कसा? घोड्याने एक पाय उचलला की दुसरा पडेपर्यंत माणसाने भाजी निवडून घ्यावी. झोपडीतून बाहेर पडायलाच अर्धा तास लागला, आणि विहिरीपाशी सगळं थिजलं. पण यंदा एक चांगलं कार्ड दुकानात आलं. गिऱ्हाइकाने बदल्यात दिलेलं, जेमतेम वापरलेलं. मालकाने तिला ते बाहेरच्याच भावाने विकलं. बाहेरच्यांना पंधरा दिवसांची गॅरंटी मिळायची, तीही दिली नाही. “तू तर घरचीच,” म्हणाला.

आता त्या कार्डाला वीज जास्त लागणार, आणि तिचा पॉवर सप्लाय तेवढी देणारा नव्हता. म्हणजे तो बदलणं आलं. भंगारवाल्याकडे तिला एक मोठा सप्लाय सापडला. तिच्या जुन्याच्याच कंपनीचा, निम्म्या किमतीत. निम्म्या का, तर त्याच्या तारा हरवल्या होत्या. या जातीच्या सप्लायला तारा कायमच्या जोडलेल्या नसतात, दोन्ही टोकांनी निघतात. आत्याला वाटलं, देवच पावला. तारा आहेत की आपल्याकडे, त्याच कंपनीच्या! गेल्याच रविवारी तिने अख्खा दिवस घालून त्या बोर्डाच्या मागून ओवल्या होत्या, एकेक गाठ मारून बसवल्या होत्या.

आणि इथेच तर मेख होती. या तारांचं सुट्या भागांकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडचं टोक ज्याच्या त्याच्या मर्जीने. खाचेत बसतं बरोबर, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा सोडतं. कंपनी तीच असली तरी मॉडेल बदललं की मांडणी बदलू शकते. हे कुणाला सांगायचं? आत्याला? अहो, दुकानाच्या भिंतीवर आत्याच्याच अक्षरात पाटी होती: एकाच्या तारा दुसऱ्याला लावू नका, मीटर लावल्याशिवाय बटण दाबू नका. यावरून तिने भल्याभल्यांना झापलं होतं.

व्होल्ट मोजायचा मीटर लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. शनिवारी दुकान बंद होताना तिने विचारलंही.

“मालक, उद्यापुरता मीटर घरी नेऊ का? सोमवारी आणते.”

मालक गल्ला बंद करत होता. मान वर न करता म्हणाला, “दुकानाच्या वस्तू बाहेर नको, आत्या. गेलेली वस्तू परत येत नाही, असा माझा अनुभव आहे.”

अठरा वर्षं! इतक्या वर्षांत तिने साधा स्क्रू घरी नेला नव्हता. तिच्या कानशिलांत आग झाली, पण तोंडातून निघालं काय, तर “बरं.” शेजारच्या दुकानात स्वस्तातला मीटर टांगलेला होता. त्याच्यासमोर ती दोन मिनिटं उभी राहिली आणि तशीच पुढे गेली. जन्मभर मीटर धरला मी, आता मला मीटर काय शिकवणार? रागाच्या भरात माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, तो असा.

रविवारी दुपारी सगळे वहिनीच्या भावाकडे जेवायला गेले. घर तीन तास रिकामं. असं रिकामं घर वर्षातून एकदा मिळायचं. आत्याने चहा केला, कप टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली. नव्या सप्लायला जुन्या तारा लावल्या. सगळ्या टचकन बसल्या. कार्ड बसवलं. क्षणभर हात थांबला, नाही असं नाही. मग बटण दाबलं.

पंखा अर्धा वळला. टक् असा आवाज आला आणि डिस्कपाशी धुराची बारीक रेघ उठली. वास आला. हा वास तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. झपकन तिने प्लग उपटला, पण काही उपयोग नव्हता. डिस्क गेली होती. बोर्ड गेला होता. नव्या कार्डावर, जिथे तार लागते तिथेच, काळा डाग पडला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हे तिने स्वतःच स्वतःला ऐकवलं, मोठ्याने. मग रडली. सहा वर्षांची पायपीट आठवून रडली, घरात कुणी नाही म्हणून हुंदके देऊन रडली.

मंडळी परतली. वहिनी दारातूनच म्हणाली, “कसला गं हा वास?” दादाने आत डोकावून बघितलं. “जळलं का? बरं झालं.” मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. “म्हणजे, कुणाला शॉक बसला नाही ते बरं झालं.” वहिनीला मात्र असली भीडभाड नव्हती. त्या जागेवर कपाट बरोबर मावेल, असं ती तिथल्या तिथे हाताने मोजूनसुद्धा गेली.

भाची तेवढी जवळ येऊन बसली. आता तेवीस वर्षांची, नोकरीला लागलेली.

“आत्या, कशासाठी गं एवढं केलंस? तू तर कधी काही खेळतही नाहीस.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी सरळपणे विचारला होता. आत्याने पदराने नाक पुसलं आणि सांगून टाकलं. “मला तो पूल ओलांडायचा होता. दगडी. त्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचं होतं.”

“कुठला पूल? तो विहिरीवरचा म्हातारा, लांडगे, तो गेम?”

“तुला माहितीये?” आत्या ताठ बसली.

“हॉस्टेलवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर अख्खा खेळलेय मी! शंभर तास लागले होते.”

“मग सांग ना. काय आहे पलीकडे?”

“पलीकडेच तर सगळं आहे. शहरं, समुद्र, लढाया. पुलाच्या अलीकडे काहीच नाही गं. ती नुसती शिकवणी असते. घोडा कसा हाकायचा, तलवार कशी धरायची. गेम सुरू होतो पुलानंतर.”

चहाच्या कपावर साय धरली होती, ती आत्या बोटाने बाजूला करत राहिली.

“आणि शिकवणी नको असेल तर?” तिने विचारलं.

“तर नाही म्हणायचं. सुरुवातीलाच विचारतात की. शिकवणी हवी का? नको दाबलं की थेट पुलापलीकडे सोडतात. आम्ही सगळ्या तसंच करायचो.” भाची बोलता बोलता थांबली. “आत्या, तुझ्या त्या टेबलावर रोज येत असेल ना तो प्रश्न? तू काय दाबायचीस?”

“हो,” आत्या म्हणाली. “मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काही विचारलं तर हो दाबत जा. मी कधी वाचलंच नाही.”

म्हणजे नऊ वर्षं ते बटण तिच्या बोटाखाली होतं. मालकाचीच वीज, मालकाचीच वीस मिनिटं, आणि रोज एकेका मशिनावर ती पलीकडे जाऊ शकली असती. ना चेपलेलं कॅबिनेट लागलं असतं, ना पायपीट. भाचीने तिचा हात धरला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनीची हाक आली. सगळे थकून आलेत, जरा चहा टाकतेस का?

“हो,” म्हणत आत्या उठली.